टाइप 1 मधुमेह आणि लांब पल्ला : हिशेब निघण्याआधीचा

पहाटे साडेपाचला गंगापूर रोडला किंवा त्र्यंबक रोडला उभं राहिलं की सायकलवाल्यांचे आणि धावणाऱ्यांचे गट एकामागून एक जाताना दिसतात. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या दोघा भावांनी 2015 मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही जवळपास 4,800 किलोमीटरची शर्यत जोडीने पूर्ण केली. त्यानंतर तर इथे 200 किलोमीटरची राइड हा शेजारपाजारच्या गप्पांचा विषय झाला. या गटांमध्ये कंबरेच्या पाऊचमध्ये इन्सुलिनचं पेन ठेवून निघणारे काहीजण असतात. त्यांना दोन वाक्यं सतत ऐकावी लागतात. घरून येतं ते, "बाळा, कशाला एवढं? दगदग झेपायची नाही तुला." आणि व्हॉट्सॲपवर फोटो टाकला की येतं ते, "सलाम तुझ्या जिद्दीला!"

पहिल्या वाक्यामागची काळजी खरी आहे, पण सल्ला चुकीचा. दुसरं वाक्य प्रेमाचं आहे आणि मला ते जास्त धोक्याचं वाटतं. टाइप 1 मधुमेह असताना मॅरेथॉन धावता येते, घाट चढता येतात, रात्रभर सायकल चालवता येते. ज्यात प्रत्येक सायकलपटूला टाइप 1 आहे असा एक व्यावसायिक संघ, टीम नोव्हो नॉर्डिस्क, युरोपातल्या मोठ्या शर्यतींत उतरतो. मिलान–सान रेमोसारख्या जवळपास 300 किलोमीटरच्या एकदिवसीय शर्यतीतही तो उतरला आहे. हे शक्य होतं ते शरीरात इन्सुलिन कधी आणि किती वेळ काम करतं याचा हिशेब आधी मांडल्यामुळे. घसरलेली शुगर मनाच्या जोरावर वर येत नाही. हा हिशेब काय असतो, तो शक्य तितका सोपा करून सांगते.

स्नायू, यकृत आणि टोचलेलं इन्सुलिन

टाइप 1 मध्ये स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी शरीराचीच प्रतिकारयंत्रणा नष्ट करते. हा आजार गोड खाल्ल्याने होत नाही आणि तो बहुधा लहान वयात किंवा तरुणपणी होतो. 1922 च्या जानेवारीत टोरांटोत पहिल्यांदा माणसाला इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी हे निदान म्हणजे काही महिन्यांत, फार तर एक-दोन वर्षांत मृत्यू असायचा. आज इन्सुलिन मिळतं, पण ते बाहेरून द्यावं लागतं, आणि खेळाचा सगळा पेच या 'बाहेरून'मध्ये आहे.

मधुमेह नसलेला माणूस धावायला लागला की काही मिनिटांत त्याचं स्वादुपिंड इन्सुलिन कमी करतं आणि ग्लुकागॉन नावाचं उलट काम करणारं संप्रेरक वाढवतं. यकृताला इशारा मिळतो आणि ते आपल्या साठ्यातली साखर रक्तात सोडू लागतं. इकडे स्नायू साखर ओढतात, तिकडे यकृत ती भरून काढतं. दोन तास धावूनही रक्तातली शुगर फारशी हलत नाही.

टाइप 1 असलेल्याच्या शरीरात असं आपोआप काही घडत नाही. टोचलेलं इन्सुलिन म्हणजे गंगापूर धरणातून सोडून झालेलं पाणी. नंतर दरवाजा बंद केला तरी सोडलेलं पाणी रामकुंडापर्यंत येणारच, वाटेतून ते माघारी घेता येत नाही. इन्सुलिन शरीरात फिरत असेल तोवर यकृताला 'साखर सोडू नको' असाच निरोप मिळत राहतो. त्यात काम करणारे स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही साखर आत घेऊ शकतात. आकुंचन पावताना त्यांच्या पेशींवर साखरेचे वाहक आपोआप वर येतात. म्हणजे साखर दोन वाटांनी बाहेर जाते आणि आत येण्याची वाट अडवलेली असते. शुगर घसरते ती यामुळे. दमसास कमी पडला, शरीर कमजोर आहे, असं त्यात काहीही नाही.

स्नायूंमध्ये साधारण 400 ग्रॅम साखरेचा साठा असतो, यकृतात साधारण 100 ग्रॅम. पण स्नायूंतला साठा त्याच स्नायूंना वापरता येतो, तो रक्तात परत येत नाही. मेंदूला मात्र रक्तातलीच साखर लागते. म्हणून पाय अजून चालत असताना डोकं गोंधळू शकतं. ही गोष्ट प्रत्येक सोबत्याने लक्षात ठेवावी.

त्र्यंबकपर्यंतची एक सकाळ

समजा, सातपूरला कंपनीत नोकरी करणारा 26 वर्षांचा एक मुलगा आहे. रविवारी त्याला त्र्यंबकला जाऊन यायचंय. जाऊन-येऊन साधारण 55 किलोमीटर, आरामात गेलं तर अडीच-तीन तास. तो दोन प्रकारचं इन्सुलिन घेतो. एक दिवसभर मंद गतीने काम करणारं, ज्याला बेसल म्हणतात. दुसरं जेवणाच्या वेळी घ्यायचं जलद इन्सुलिन, म्हणजे बोलस. हे जलद इन्सुलिन साधारण 15 मिनिटांत काम सुरू करतं, एक ते दोन तासांत त्याचा जोर सर्वांत जास्त असतो आणि तीन ते पाच तास ते शरीरात राहतं.

आता तो साडेसहाला घरी पोहे खाऊन नेहमीचा पूर्ण डोस घेऊन सात-सव्वासातला निघाला, तर अंजनेरीच्या आसपास इन्सुलिनचा जोर शिगेला पोचलेला असेल, आणि नेमका तेव्हाच तो जोरात पेडल मारत असेल. ही सर्वांत वाईट वेळ. याउलट तो पहाटे साडेपाचला, बोलस न घेता, फक्त रात्रीच्या बेसलवर निघाला तर अंगात फिरणारं इन्सुलिन कमी असतं आणि शुगर बरीच स्थिर राहते. काहींची तर पहाटेच्या संप्रेरकांमुळे थोडी चढतेही. म्हणून टाइप 1 असलेले बरेच खेळाडू लांबचा सराव नाश्त्याआधी सुरू करतात आणि वाटेत थोडं-थोडं खातात.

नाश्ता करूनच निघायचं असेल तर तो डोस कमी करावा लागतो. 2017 मध्ये 'लॅन्सेट डायबेटिस अँड एंडोक्रायनॉलॉजी' या नियतकालिकात अनेक देशांच्या तज्ज्ञांनी मिळून टाइप 1 आणि व्यायामाबद्दल मार्गदर्शन प्रसिद्ध केलं. त्यानुसार व्यायामाच्या आधीच्या जेवणाचा डोस, व्यायाम किती वेळ आणि किती जोराचा आहे ते पाहून, 25 ते 75 टक्क्यांपर्यंत कमी करता येतो. तुमच्यासाठी त्यातला कोणता आकडा, हे तुमच्या डॉक्टरांबरोबर बसून आणि छोट्या राइडवर तपासूनच ठरवायचं. मित्राचा आकडा उचलायचा नाही. सतत थोडं-थोडं इन्सुलिन सोडणारा पंप वापरणाऱ्यांना बेसल तात्पुरतं कमी करता येतं, पण तेही निघण्याच्या 60 ते 90 मिनिटं आधी. सायकलवर बसल्यावर पंप कमी केला तर त्याचा उपयोग परतीच्या वाटेवर होतो.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती परदेशी लेखांत सापडत नाही. आपल्याकडे अजूनही पुष्कळ लोक 30/70 सारखं तयार मिश्रण दिवसातून दोनदा घेतात. ते स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यात मिळतं. त्यातला मंद भाग चार तासांनंतर कधीतरी जोर धरतो आणि तो जोर कमी-जास्त करण्याची मुभा फारशी नसते. सकाळी सातला हे घेतलं तर दुपारपर्यंतचा वेळ घसरणीचा असतो. मिश्रण घेणाऱ्याने लांब पल्ल्याला उतरूच नये असं नाही, पण आधी डॉक्टरांना स्पष्ट विचारावं : "मला तीन तासांची राइड करायची आहे, माझी इन्सुलिनची पद्धत बदलता येईल का?" हा प्रश्न विचारायला संकोच वाटायचं कारण नाही.

निघताना शुगर बघायची (शुगरचे सगळे आकडे mg/dl मध्ये). त्याच मार्गदर्शनातले आकडे असे : 90 च्या खाली असेल तर 10 ते 20 ग्रॅम ग्लुकोज घ्यायचं आणि 90 च्या वर आल्याशिवाय निघायचं नाही. 90 ते 124 असेल तर 10 ग्रॅम घेऊन निघता येतं. 126 ते 180 ही लांब पल्ल्यासाठी चांगली जागा. 270 च्या वर असेल तर आधी कीटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडल्यावर शरीर चरबी जाळतं तेव्हा रक्तात साचणारी आम्लं, तपासायचे. रक्तातले कीटोन 1.5 mmol/L किंवा त्याहून जास्त असतील तर त्या दिवशी व्यायाम नाही, लगेच उपचार. आणि गेल्या 24 तासांत दुसऱ्याची मदत घ्यावी लागेल इतकी शुगर घसरली असेल, तर कितीही तयारी झालेली असो, घरी थांबायचं. एकदा शुगर खूप घसरली की पुढच्या वेळी शरीर धोक्याची सूचना उशिरा आणि मंद आवाजात देतं.

वाटेत काय खायचं

तासाभराहून जास्त चालणाऱ्या राइडला तासाला 30 ते 60 ग्रॅम कार्बोहायड्रेट लागतात. इन्सुलिन कमी केलेलं नसेल तर त्याहूनही जास्त. परदेशी जेलची पाकिटं महाग पडतात आणि ती नसली तरी अडत नाही. आपल्या नाशिक जिल्ह्याचा बेदाणा यासाठी उत्तम आहे. 100 ग्रॅम बेदाण्यात 75 ग्रॅमच्या वर कार्ब असतात, म्हणजे मूठ-दीड मूठ तासाभराला पुरते. हिवाळ्यात ताजी द्राक्षं मिळतात, त्यांच्या 80 ते 90 ग्रॅममध्ये साधारण 15 ग्रॅम कार्ब असतात. एका मध्यम केळ्यात 25 ग्रॅमच्या आसपास. एकदम खाण्यापेक्षा दर 20 मिनिटांनी थोडं खाल्लं तर शुगर उड्या मारत नाही आणि पोटही बिघडत नाही.

शुगर 70 च्या खाली गेली की मात्र खाण्याचा प्रकार बदलतो. तेव्हा लागते लगेच शोषली जाणारी साखर : 15 ग्रॅम ग्लुकोज पावडर पाण्यात, किंवा तीन चहाचे चमचे साखर. मग थांबायचं, 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचं, वर आली नसेल तर पुन्हा तेवढंच. शेंगदाण्याची चिक्की, चॉकलेट, लाडू यांत स्निग्धांश असतो, ते पोटातून हळू पुढे सरकतात. राइडमध्ये ते चालतील, पण घसरलेल्या शुगरवर औषध म्हणून त्यांचा उपयोग नाही. 54 च्या खालचा आकडा गंभीर समजावा आणि त्या दिवसाची राइड तिथेच संपवावी.

ओआरएसबद्दल मोठा गैरसमज आहे. सोबत्यांना वाटतं, चक्कर येतेय ना, ओआरएस पाजा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवलेल्या एक लिटर ओआरएसमध्ये ग्लुकोज असतं 13.5 ग्रॅम. एका पेल्यात तीन ग्रॅमही नाही. घामाने गेलेलं मीठ-पाणी भरायला ते चांगलं आहे, शुगर वर आणायला नाही. दोन्ही पुड्या वेगवेगळ्या खिशांत ठेवाव्यात.

शुगर चढते तेव्हा

सगळे घसरण्याची भीती घालतात, त्यामुळे चढलेली शुगर पाहून नवखा खेळाडू गोंधळतो. कसारा घाटाची चढण पूर्ण जोर लावून चढली, किंवा शर्यतीच्या सकाळी नुसतं स्टार्ट लाइनवर उभं राहिलं, की ॲड्रेनलिन वाढतं आणि यकृत साखर सोडतं. 140 वर उठलेला माणूस शर्यतीआधी 230 वर असू शकतो. अशा वेळी ती उतरवायला पूर्ण डोस टोचला तर तासाभराने, ॲड्रेनलिन ओसरल्यावर, शुगर कोसळते. कीटोन नसतील तर बहुतेक वेळा वाट पाहणं शहाणपणाचं असतं, आणि डोस घ्यायचाच झाला तर तो नेहमीपेक्षा बराच कमी असावा. याच गुणाचा उपयोगही करता येतो. शुगर हळूहळू उतरताना दिसली तर 10 सेकंदांचा पूर्ण जोराचा स्प्रिंट घसरण काही काळ रोखतो. खाण्याला तो पर्याय मात्र नाही.

सेन्सर, ऊन आणि थंडी

दंडावर लावायचा ग्लुकोज सेन्सर ही गेल्या काही वर्षांतली सर्वांत मोठी सोय. दोन आठवडे चालणाऱ्या एकेका सेन्सरला काही हजार रुपये मोजावे लागतात, सर्वांना ते परवडत नाही आणि ही खंत मला कायम वाटते. ज्यांच्याकडे आहे त्यांनी एक लक्षात ठेवावं : सेन्सर रक्तातली शुगर मोजत नाही, कातडीखालच्या द्रवातली मोजतो. तिथला आकडा रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो, आणि शुगर वेगाने बदलत असताना हा फरक वाढतो. सेन्सर 85 आणि खाली जाणारा बाण दाखवत असेल तर रक्तात ती 70 च्या जवळ असू शकते. आकड्यापेक्षा बाणाकडे बघून निर्णय घ्यावा आणि शंका आली तर बोट टोचून खात्री करावी. टोचण्याआधी हात धुवायचे किंवा पुसायचे, कारण बोटाला बेदाण्याचा चिकटपणा असेल तर मीटर भलताच आकडा दाखवतो.

उन्हाळ्यात नाशिकचा पारा 40 कडे जातो. उष्णतेने कातडीजवळचा रक्तप्रवाह वाढतो आणि टोचलेलं इन्सुलिन लवकर शोषलं जातं. मांडीत टोचून लगेच धावलं तरी तेच होतं, म्हणून लांबच्या दिवशी पोटावरची जागा बरी. वापरातलं पेन 30 अंशांच्या खाली ठेवायचं. गाडीच्या डिकीत किंवा सायकलच्या काळ्या बॅगेत ते नक्की बिघडतं. ओल्या कापडाने गार राहणारं पाऊच वापरावं, बर्फाला चिकटवून ठेवू नये, कारण गोठलेलं इन्सुलिनही वाया जातं. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडची पहाट इतकी गार असते की मीटर कधी कधी चालायलाच नकार देतो. तेव्हा तो जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाच्या ऊबेत ठेवायचा.

राइड संपते, परिणाम संपत नाही

परतताना मिसळ होणारच, नाशिक आहे. पण त्या वेळी स्नायू रिकामे झालेला साठा भरत असतात आणि इन्सुलिनला नेहमीपेक्षा जास्त प्रतिसाद देतात. व्यायामानंतरच्या जेवणाचाही डोस बऱ्याचदा कमी करावा लागतो, कधी निम्म्यापर्यंत. खरी काळजीची वेळ मात्र रात्रीची आहे. व्यायामानंतर 6 ते 15 तासांच्या काळात शुगर पुन्हा घसरू शकते, आणि संध्याकाळी धावणाऱ्यांची ही वेळ थेट झोपेत येते. झोपण्याआधी तपासणं, थोडं खाणं, रात्रीचं बेसल साधारण 20 टक्के कमी करणं असे उपाय डॉक्टर सुचवतात. त्या रात्री दारू नको. दारू पचवत असताना यकृत नवी साखर बनवायचं काम बाजूला ठेवतं. द्राक्षांच्या आणि वाइनच्या या शहरात हे मोकळेपणाने बोललं गेलं पाहिजे.

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी हा आपला खरा लांब पल्ला. रात्री निघून, पावसात, चिखलात, कित्येक तास चालणं, आणि अनेकांचा वर उपवास. कोणी त्याला खेळ म्हणत नाही, त्यामुळे इन्सुलिन घेणारेही काही हिशेब न करता निघतात. चालण्याची गती कमी असली तरी पाच-सहा तास स्नायू साखर ओढत असतात, आणि अंधारात, गर्दीत घाम व थरथर कोणाच्या लक्षात येत नाही. फेरी करावी, पण निर्जळी किंवा कडक उपवास करून नको. शेंगदाणे आणि साबुदाणा जवळ असला तरी ग्लुकोजची पुडी वेगळी हवीच. ती घेतल्याने उपवास मोडतो का, यावर घरात वाद होत असतील तर ते आधीच्या आठवड्यात मिटवावेत. रात्री डोंगरात तो वाद घालायला वेळ नसतो.

टाइप 2 असलेल्यांसाठी चित्र सौम्य आहे. नुसतं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांची शुगर व्यायामाने धोकादायक घसरणं दुर्मीळ आहे. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असाल तर मात्र वरचं बरंच काही तुम्हालाही लागू होतं.

लांबच्या सरावाला लागण्याआधी डोळ्यांचा पडदा, लघवीतलं अल्ब्युमिन, रक्तदाब, पायांची संवेदना आणि वय किंवा आजाराची वर्षं जास्त असतील तर हृदय, एवढं तपासून घ्यावं. पडद्याच्या नाजूक रक्तवाहिन्या वाढलेल्या असतील तर जोर लावण्याचे व्यायाम थांबवावे लागतात. तळव्याची संवेदना कमी झाली असेल तर बुटातला फोड कळत नाही, म्हणून प्रत्येक लाँग रननंतर पाय उलटसुलट करून बघायचे.

आता गटातल्या इतरांसाठी. घाम, थरथर, धडधड, थकवा ही शुगर घसरण्याची लक्षणं आहेत आणि चढणीवर प्रत्येकालाच ती असतात. त्यामुळे ज्याची शुगर घसरतेय त्यालाही वाटतं, आपण फक्त दमलोय, थोडा जोर लावू. इथेच 'जिद्द सोडू नको' हे प्रोत्साहन घातक ठरतं. बोलणारा मित्र गप्प झाला, उगाच चिडला, सोप्या प्रश्नाचं उत्तर विचित्र दिलं, सरळ रस्त्यावर सायकल डुलायला लागली, तर त्याला विचारत बसू नका. थांबवा, खाली बसवा, ग्लुकोज द्या, मग तपासा. तो "मी ठीक आहे" म्हणेल, तरी थांबवा. त्याचं ग्लुकोज आणि पेन कोणत्या खिशात आहे हे निघण्याआधीच विचारून ठेवा. शर्यत असेल तर बिबच्या मागे 'टाइप 1 मधुमेह, इन्सुलिन घेतो' असं आणि घरच्यांचा नंबर लिहायला सांगा.

तो बेशुद्ध झाला किंवा गिळू शकत नसेल, तर तोंडात काहीही घालू नका, साखरपाणीसुद्धा नाही, कारण ते श्वासनलिकेत जाईल. त्याला कुशीवर वळवा, 108 ला फोन करा, आणि त्याच्याकडे ग्लुकागॉन (शुगर वर आणणारं तातडीचं औषध) असेल व ते कसं द्यायचं हे तुम्हाला त्याने शिकवलं असेल तर द्या. इन्सुलिन मात्र कोणत्याही परिस्थितीत टोचू नका. रुग्णवाहिकेच्या लोकांना पहिलं वाक्य हेच सांगा की याला टाइप 1 आहे आणि शेवटचा डोस अमुक वाजता घेतला होता.